वीस झाल्या की बाहेर

पूल संपला, लाकडाच्या वखारी मागे पडल्या, तरी चष्मेवाले रिक्षाला हात करायला तयार नव्हते. थोडं चालून झालं की थांबायचे, डाव्या गुडघ्यावर हात दाबून धरायचे आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायलाच थांबलोय असा चेहरा करायचे. टायर, बॅटरी, पंक्चर. एकच पाटी माणसाने किती वेळ वाचावी?

"भावजी, पाठ झाली असेल एव्हाना," वहिनी म्हणाल्या. "रिक्षा करू या का?"

"तुम्ही बसा रिक्षात. मी येतो मागून."

"आणि तिथे जाऊन मी काय सांगू? आमचे धाकटे दीर निघालेत, दिवेलागणीपर्यंत पोचतील?"

"सांगा की. खोटं कुठे आहे?"

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता खाली दिरांचं चष्म्याचं दुकान आणि वर सगळ्यांचं मिळून घर, यात त्यांचे दिवस सुखाने चालले होते. सकाळी त्या माळ ओढत बसल्या होत्या, तेवढ्यात चष्मेवाले जिना चढून वर आले. "वहिनी, गोटीकडे जाऊन येतो म्हणतो. येता का?" एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज असा काही लागला होता की वहिनींनी माळ डबीत ठेवली आणि पायात चपला सरकवल्या. एवढं लांब चालायचंय हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

निमित्त क्लबच्या कार्यक्रमाचं होतं. चष्मेवाल्यांनी काढलेल्या क्रिकेट क्लबला तीस वर्षं होत होती. कमिटीने मांडव, खुर्च्या, शाल, सगळं ठरवून टाकलं होतं. स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात चष्मेवाल्यांवरचा लेख वहिनींनी लिहायचा होता, कारण कमिटीतल्या बाकीच्यांचं लिहिणं मोबाइलच्या निरोपापुढे जात नव्हतं. सगळं झालं आणि ऐन वेळी चष्मेवाले अडून बसले. गोटी आली तर मी स्टेजवर बसेन, नाहीतर तुमची शाल तुमच्यापाशी. कमिटीने गोटीला निरोप धाडले, फोन केले. ती काही आली नाही, उत्तरही आलं नाही. शेवटी चष्मेवाले स्वतःच निघाले.

"मग चालतच कशाला?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

"सगळ्या पोरांच्या दारी मी चालतच गेलो होतो, वहिनी. हिच्या दारी तेवढं जायचं राहिलं."

हे मात्र खरं होतं. क्लब सुरू झाला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. शाळेमागे मैदान होतं, पण त्यात कमरेएवढं गवत माजलेलं. वहिनींनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून रविवारची परवानगी काढली. गवत कापलं ते चष्मेवाल्यांनी आणि गल्लीतल्या पेंटरने. पेंटरने चुन्याची सीमारेषा आखली ती इतकी वाकडी की एका बाजूला चौकार मारायला ताकद लागायची आणि दुसऱ्या बाजूला नुसती शिंक पुरायची. कंपाउंडर औषधाची पेटी घेऊन बसायचा. शिंपीकाकांनी जुन्या मच्छरदाण्या जोडून जाळी शिवली. आणि चष्मेवाले दुकान बंद करून रोज संध्याकाळी दारोदार फिरायचे, तुमच्या घरात खेळणारं कोणी आहे का हो, म्हणून. लोकांना वाटायचं चष्मे विकायला आले. एका आजीबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून स्वतःचे दोन्ही डोळे तपासून घेतले आणि मग सांगितलं, "आमच्याकडे पोरं नाहीत बाबा."

पोरं आली, पण टिकेनात. जी दोन-तीन चांगली खेळायची ती सकाळभर बॅट सोडायची नाहीत आणि बाकीची गटारातून चेंडू काढत बसायची. आया येऊन भांडायच्या. "माझा मुलगा काय चेंडू शोधायला येतो? तो तर घरीही हरवतोच." त्यावर चष्मेवाल्यांनी नियम काढला. येईल त्या प्रत्येकाला बॅटिंग, प्रत्येकाला एक ओव्हर आणि वीस धावा झाल्या की आपणहून बाहेर, पुढच्याला जागा. मग तो कोणी असो.

दुसरे क्लब हसले. "रेशनचं क्रिकेट" म्हणाले. "काय चष्मेवाले, कार्डावर किती धावा मिळतात?" पण पुढच्या मोसमात शाळेमागचं मैदान पुरेना झालं. मुली यायला लागल्या. ज्याला कोणी संघात घेत नसे तोसुद्धा पांढरी टोपी घालून रांगेत उभा. हसणाऱ्यांनीच मग तो नियम उचलला, आधी एका शाळेने, मग दुसऱ्या. आता तर लहान मुलांच्या साऱ्या सामन्यांत तो चालतो आणि तो कोणी काढला हे कोणाला माहीतही नाही. लेखात हे सगळं घालायचं असं वहिनींनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

"क्लब काढावासा का वाटला, ते तरी सांगा," त्यांनी चालता चालता विचारलं. "सुरुवातीला लागेल मला."

"दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून."

"असं छापू?"

"छापा. जरा वारा खायला बाहेर पडलो आणि अडकलो." मग थोडं थांबून ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही होतात ना मैदानावर? गोटीच्या दिवशी?"

वहिनी होत्या. पाण्याचं पिंप त्यांच्याकडेच असायचं.

गोटी बसडेपोतल्या मेकॅनिकची मुलगी. बुटकी, टणक, कुठेही आपटली तरी उसळून उभी राहणारी, म्हणून गोटी. बारा वर्षांची होती. समोरच्या क्लबातली मुलं तिला बघून आधी खुदखुदायची आणि मग चेंडू आणायला पळायची. त्या रविवारी असोसिएशनचे निवड करणारे गृहस्थ येणार होते. आठवडाभर आधी कळलं होतं. गोटीचा बाप कधी मैदानाकडे फिरकला नव्हता, तो हातचं ग्रीस घासून, इस्त्रीचा शर्ट घालून सीमारेषेपाशी उकिडवा बसला होता. गोटी पहिल्याच जोडीत आली. आणि गृहस्थांना उशीर झाला.

ते स्कूटर फाटकापाशी लावत होते, तेव्हाच गोटीने चेंडू थोडा उशिरा, अगदी शेवटच्या क्षणी कापला आणि तो शिंकेच्या बाजूला नव्हे, ताकदीच्या बाजूला गेला. चार. वीस पूर्ण.

सगळं मैदान चष्मेवाल्यांकडे बघायला लागलं. समोरच्या क्लबचे सरच ओरडले, "खेळू द्या हो तिला, आमची काही हरकत नाही!" पेंटर म्हणाला, "अहो, साहेब आत्ता तर आलेत." मेकॅनिक उभा राहिला होता. पुढच्या नंबरावर इस्त्रीवाल्याचा धाकटा पॅड बांधून बसला होता. त्याचा तो पहिलाच सामना. पॅड त्याच्या कमरेपर्यंत येत होते.

चष्मेवाल्यांनी हात वर केला. "वीस झाल्या. बाहेर."

गोटी आली. बॅट काखेत, मान सरळ. वहिनींनी तिला पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला, "थँक्यू बाई" म्हणाली. इस्त्रीवाल्याचा धाकटा दुसऱ्याच चेंडूवर बाद झाला आणि आनंदाने नाचत परत आला. निवड झाली ती समोरच्या क्लबच्या दोघांची. पुढच्या रविवारी गोटी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मैदानावर तिला पुन्हा कोणी पाहिलं नाही.

"तुम्ही नियम पाळलात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तिच्यासाठी मोडला असतात तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक आई दारात उभी राहिली असती."

"हेच मीही स्वतःला सांगत आलो. रात्री डोळा लागला नाही की हेच." चष्मेवाल्यांनी पाटी वाचायचं सोंगही आता टाकलं होतं, सरळ खांबाला टेकले होते. "पण नियम मीच केला होता ना? मग एका दिवसापुरता मलाच वाकवता आला असता. मला तिची क्षमा मागायचीय, वहिनी. बाकी काही नको. शाल गेली खड्ड्यात."

गोटीचं ड्रायव्हिंग स्कूल मुख्य रस्त्यापासून जरा आत होतं. एक खोली, समोर दुहेरी ब्रेकची पांढरी गाडी उभी करायची जागा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा मोठा तक्ता आणि बसायला रेक्झिन फाटलेल्या तीन खुर्च्या. टेबलामागच्या मुलीने मॅडम येतीलच म्हणून सांगितलं. चष्मेवाले तक्त्याकडे बघत बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तो चालण्याचा नव्हता. वहिनींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

गाडी आली. बाजूच्या सीटवरून गोटी उतरली. तिशी ओलांडलेली, अजूनही बुटकीच, दंड मात्र भरलेले. चालवणाऱ्या बाईंना ती सांगत होती, "ताई, क्लच म्हणजे नवऱ्याचा कान नाही, एवढा आवळून धरायचा नाही. उद्या परत." मग दारात आली आणि थबकली.

"काका? आणि बाई! अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? कोणी सोडलं?"

"चालत आलो," चष्मेवाले म्हणाले.

"चालत! या वयात! बाई, तुम्ही तरी..." तिने लगबगीने पंखा वाढवला, पाणी आणलं, चहा सांगितला. कसं काय, काकू बऱ्या आहेत का, दुकान चालतंय का, सगळं विचारलं. निरोपाला उत्तर दिलं नाही त्याबद्दल ओशाळून हसली. माणूस इतका मोकळेपणाने बोलतोय म्हटल्यावर वहिनींना वाटलं, चला, उगीच घाबरत होतो. बाप कसा आहे विचारलं, तर बाप गेल्याला बरीच वर्षं झाली होती. आई आता हिच्याकडेच होती.

चहा आला तसा चष्मेवाल्यांनी कप बाजूला ठेवला. "गोटी, त्या दिवशी तुला खेळू द्यायला हवं होतं. वीस झाल्या होत्या, पण खेळू द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

गोटी मोठ्याने हसली. "अहो काका! हे सांगायला आलात? नियमच होता तो. मी मोजत होते ना मनात. तो शेवटचा फटका मारला तेव्हाच कळलं होतं, आता आपण बाहेर. इस्त्रीवाल्याचा किती वेळ पॅड बांधून बसला होता, बिचारा. नाही हो, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही."

चष्मेवाल्यांचा चेहरा असा सैलावला की वहिनींना भरून आलं. "मग तू आली का नाहीस परत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

गोटीने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "जाऊ द्या ना काका. जुनं झालं."

"नाही, सांग."

"सामना संपल्यावर ते साहेब तुमच्याशी बोलत होते, आठवतं? रोलरपाशी. त्यांनी विचारलं, मला यायला उशीर झाला, माझ्या नजरेतून कोणी सुटलं का? एखादं नाव सांगा. पुढच्या आठवड्यात मोठ्या मैदानावर बोलावून बघतो."

वहिनी चष्मेवाल्यांकडे वळल्या. हे त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं.

"मी रोलरच्या पलीकडे बसून पॅड सोडत होते," गोटी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आमच्याकडे सगळी सारखी. एकाचं नाव मी घेणार नाही."

बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून बघत होतं. टेबलामागची मुलगी फोनवर कोणाला तरी फीबद्दल सांगत होती.

"रागावलीस," चष्मेवाले हळूच म्हणाले.

"नाही ना! तेच तर. रागावले असते तर आले असते भांडायला, मी काय कमी भांडकुदळ होते?" ती पुन्हा हसली, पण हसू ओठांपाशीच राहिलं. "माझा विश्वास बसला, काका. आई शिवणकाम करायची, रविवारी काजं-बटणं माझ्याकडे असायची. दर शनिवारी मी तिच्याशी भांडायची, की मला सोड, मी वेगळी आहे, मला येतं ते सगळ्यांना येत नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, सगळी सारखी. म्हटलं, काकांना कळतं. काका इतकी मुलं दर रविवारी बघतात. मी सारखीच असेन तर आईला एकटीला कशाला राबवू? म्हणून घरी राहिले. आठवडाभर वाटायचं, काका येतील विचारायला. सगळ्यांच्या घरी जातात ना तुम्ही. मग तेही वाटेनासं झालं."

वहिनींनी डोळे मिटले. देवाचं नाव घेण्याखेरीज तिथे त्यांच्या हातात काही नव्हतं.

"मला वाटलं रुसली असेल, येईल आपली आपण," चष्मेवाले म्हणाले. "आणि ते साहेब गेल्यावर सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. माणूस असावा तर असा, स्वतःच्या क्लबच्या पोरीचंही नाव घेतलं नाही, म्हणाले. मला बरं वाटलं ते, गोटी. फार बरं वाटलं." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातात तसाच धरून ठेवला. "नव्हतीस."

"काय?"

"सारखी नव्हतीस. तुझ्याआधी नाही, तुझ्यानंतर नाही. इतकी पोरं हाताखालून गेली, तुझ्या जवळपाससुद्धा कोणी आलं नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

गोटी तक्त्यावरच्या खुणांकडे बघू लागली, जणू त्या तिला नव्याने शिकायच्या होत्या.

"काका," ती म्हणाली, आवाज अगदी साधा, "हे आता कळून मी काय करू?"

दारात पुढच्या तासाच्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. गोटी उठली. तिने वाकून दोघांना नमस्कार केला, तिच्यातली लहानपणची रीत कुठे गेली नव्हती. कार्यक्रमाचं वहिनींनी भीतभीत विचारलं, तर म्हणाली, "रविवारीच सगळ्यात जास्त क्लास असतात, बाई. बघते." ते 'बघते' कसं असतं हे तिघांनाही माहीत होतं. मग ती म्हणाली, "चला, तुम्हाला सोडते. या ताईच चालवतील. घाबरू नका, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे."

"नको," चष्मेवाले म्हणाले. "चालतो."

"काका, पाय दुखतोय तुमचा. दिसतंय मला."

"चालतो ग."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकही पाटी वाचली नाही. वहिनींना त्यांचा राग आला होता आणि कीवही, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यावर बाईमाणसाने बोलावं काय हे त्यांना सुचेना. टायरची दुकानं गेली, वखारी आल्या, ओल्या लाकडाचा वास आला. पुलाच्या कठड्यापाशी मात्र चष्मेवाले थांबले.

"वहिनी, तो लेख लिहून झाला?"

"कुठला होतोय? तुम्ही काही सांगाल तर ना. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एवढीच माझी सामग्री."

"माझं दोन ओळींत उरका. चष्म्याचं दुकान आहे, क्लब काढला, पुष्कळ झालं. बाकीचं पान तिला द्या." ते फुटपाथच्या कडेशी आडवे उभे राहिले, रिकाम्या हातांनी बॅट धरली, दुखऱ्या गुडघ्यावर थोडे वाकले. सायकलवरून जाणारा एकजण वळून वळून बघत गेला. "ती अशी उभी राहायची. बाकी पोरं चेंडू दिसला की धावायची, ही थांबायची. चेंडू पार जवळ आला, आता गेला, गेलाच, असं वाटेपर्यंत थांबायची. आणि मग असं, नुसतं मनगट. आवाज यायचा तो निराळाच. दुकानात काच फ्रेममध्ये बसली की येतो ना, तसा टक. हे सगळं लिहा. तुम्हाला येईल लिहिता."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ती स्मरणिका घरोघर जाणार. बाकीच्या सगळ्या मुलांचे आईबाप वाचतील. तीस वर्षं तुम्ही कोणाला डावं-उजवं केलं नाहीत म्हणूनच त्यांनी पोरं पाठवली."

"वाचू देत."

"आणि तिने नाहीच वाचलं तर?"

"तर नाही वाचलं. छापलेलं तर राहील." चष्मेवाले अजून तसेच वाकून उभे होते, हातातली नसलेली बॅट त्यांनी सोडली नव्हती. "एवढं करा माझं. आणि 'चांगली खेळायची' असं मोघम नका लिहू, वहिनी. माझ्या नावाने लिहा, की सगळ्यांत चांगली होती."